न भिणाऱ्यांचा समुद्र

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? रविवारची चौपाटी, कागदाच्या पुडीतले चणे, गुडघ्यापर्यंत वर केलेली पँट आणि पाठीमागून येणारी आईची हाक, "पुढे जाऊ नको रे!" आयुष्यभर समुद्राच्या शेजारी राहूनही आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र फक्त वरून पाहिलेला असतो. पाण्याच्या आत काय चालले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. ठाऊक नसते म्हणून भीती वाटते आणि भीती वाटते म्हणून आपण पाहायला जात नाही.

आज अशा एका ठिकाणाची माहिती घेऊ, जिथे माणूस पाण्यात तोंड घालून नुसता तरंगत राहतो आणि समुद्रातले प्राणी त्याला पाहायला जवळ येतात. समुद्रसिंहाचे पिल्लू त्याच्या चेहऱ्यापुढे येऊन कोलांटी मारते. पेंग्विन त्याच्या कुशीजवळून बाणासारखा निघून जातो. कासव शेवाळ खाता खाता मान वर करून बघते आणि पुन्हा खायला लागते. पळत कोणीच नाही. हे ठिकाण म्हणजे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाची गालापागोस बेटे.

या प्राण्यांना माणसाची भीती का वाटत नाही, आणि ती वाटू नये म्हणून तिथल्या लोकांना काय करावे लागते, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आगीतून जन्मलेली बेटे

गालापागोस बेटे इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात, अगदी विषुववृत्तावर आहेत. मोठी बेटे तेरा. लहान बेटे आणि नुसते खडक वेगळे. ही बेटे मुख्य भूमीपासून तुटून तिकडे गेलेली नाहीत. ती समुद्राच्या तळातून वर आली. पृथ्वीच्या पोटात तिथे एक तप्त स्थान आहे. त्यातून शिलारस वर येतो, थिजतो, त्याच्यावर पुन्हा शिलारस येतो. असे थरावर थर चढत गेले आणि एक दिवस डोंगराचे टोक पाण्याबाहेर आले. तेच बेट.

गंमत अशी की, खालची शेगडी जागच्या जागी आहे, पण तिच्यावरचा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने पूर्वेकडे सरकतो आहे. म्हणून पूर्वेची बेटे जुनी, तर पश्चिमेची ताजी. पूर्वेचे एस्पान्योला बेट तीस-चाळीस लाख वर्षांचे आहे. पश्चिम टोकाचे फर्नांदिना अजूनही धगधगते आहे. मार्च २०२४ मध्ये तिथल्या ला कुंब्रे ज्वालामुखीचा उद्रेक झाला. शेजारच्या इसाबेला बेटावर २०१५, २०१८ आणि २०२२ साली उद्रेक झाले.

हा काळा दगड आपल्याला परका नाही. सह्याद्री असाच शिलारसाच्या थरांनी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. ज्या तप्त स्थानातून तो शिलारस आला ते आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. आपला भूभाग उत्तरेकडे सरकला, शेगडी मागे राहिली. अजिंठा, कार्ले, भाजे येथील लेणी ज्या दगडात कोरली, त्याच जातीच्या दगडावर गालापागोसचा इग्वाना ऊन खात पडलेला असतो. फरक एवढाच की, आपला दगड म्हातारा आणि तिकडचा तान्हा.

विषुववृत्तावर थंड पाणी

विषुववृत्तावरचे पाणी गरम असेल असे कोणालाही वाटेल. पण गालापागोसला पावसाळी उष्ण महिने सोडले तर पाणी चांगलेच गार असते. जून ते नोव्हेंबर या काळात तर रबरी पोशाख घातल्याशिवाय फार वेळ पाण्यात राहवत नाही. कारण तिथे तीन प्रवाह एकत्र येतात. दक्षिणेकडून पेरूच्या किनाऱ्याने थंड हंबोल्ट प्रवाह येतो. ईशान्येकडून पनामाचा उबदार प्रवाह येतो. तिसरा क्रॉमवेल प्रवाह. तो समुद्राच्या पोटातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत येतो आणि फर्नांदिना व इसाबेला या बेटांच्या बुडाला धडकून वर उसळतो. हे खोलातले पाणी थंड असते, पण खताने भरलेले असते. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे, माशांवर पक्षी, समुद्रसिंह आणि शार्क. म्हणजे उन्हाच्या देशात थंड पाण्याचे हे भरलेले कोठार आहे.

कोठार बंद पडले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. काही वर्षांनी एल निनो येतो, पाणी तापते, खालचे थंड पाणी वर येणे थांबते. १९८२-८३ च्या एल निनोत गालापागोसचे सुमारे तीन-चतुर्थांश पेंग्विन नाहीसे झाले. ती संख्या अजून पूर्ववत झालेली नाही. आज हे पेंग्विन जेमतेम दोन हजारांच्या घरात आहेत.

एक काच, एक नळी

आता त्या पाण्यात माणूस उतरतो कसा ते पाहू. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाण्याचा जो प्रकार असतो, तो हा नव्हे. इथे साधने तीनच. डोळे आणि नाक झाकणारी काच, तोंडात धरायची वाकडी नळी आणि पायात रबरी पंखे. माणूस पाण्यावर पालथा पडतो. तोंड पाण्यात, नळीचे टोक बाहेर. श्वास तोंडानेच घ्यायचा आणि सोडायचा.

काच कशासाठी? आपले डोळे हवेतून पाहण्यासाठी बनलेले आहेत. डोळ्याला थेट पाणी लागले की प्रकाशकिरण नीट वळत नाहीत आणि सगळे धूसर दिसते. डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवला की चित्र स्वच्छ होते. मात्र पाणी आणि काच यातून येताना किरण वाकतात, त्यामुळे वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि थोडी जवळ दिसते. चार फुटांचा शार्क पाहून आलेला मनुष्य पाच-सव्वापाच फुटांचा सांगतो, तो नेहमीच थापा मारत असतो असे नाही!

मुले विचारतील, नळी चांगली दहा फूट लांब केली तर तळापर्यंत जाता येणार नाही का? नाही. एक तर लांब नळीत आपणच सोडलेली वापरलेली हवा अडकून राहते आणि तीच पुन्हा पुन्हा आत घेतली जाते. दुसरे म्हणजे पाण्याचा दाब. एक मीटर खाली गेले तरी छातीवर इतका दाब येतो की, वरची हवा ओढून घेणे फुप्फुसांना जमत नाही. म्हणून नळी वीतभर-दीड वीतच असते. खाली डोकावायचे असेल तर श्वास रोखून डुबकी मारायची, आणि वर आल्यावर जोराने फुंकर मारून नळीतले पाणी बाहेर उडवायचे.

खारे पाणी माणसाला उचलून धरते. बुडतो तो बहुधा घाबरून, उभा राहून हातपाय झाडणारा. जो अंग सैल सोडतो तो तरंगतो. दम लागला तर उताणे व्हायचे, काच वर करायची आणि आकाशाकडे बघत श्वास घ्यायचा. तरीही हा खेळ पोरखेळ नव्हे. गालापागोसला प्रवाह जोरदार असतात. एकट्याने उतरायचे नाही. हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. आणि जास्त वेळ पाण्याखाली राहता यावे म्हणून आधी भराभर श्वास घेण्याची युक्ती तर कधीच करू नये. तिने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची तलफ उशिरा लागते आणि माणूस सूचना न मिळताच बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेही अशाने गेले आहेत.

पाण्याखालची वस्ती

आता वस्ती पाहू. पहिला मान समुद्री इग्वानाचा. अंगाने घोरपडीसारखा, रंगाने कोळशासारखा, पाठीवर करवतीसारखे काटे. पाहताच राक्षस वाटावा, पण खातो काय, तर शेवाळ! समुद्रात चरणारा जगातला हा एकमेव सरडा. लहान इग्वाना आणि माद्या ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात. मोठे नर मात्र बुडी मारून तळाच्या खडकाला नखांनी घट्ट धरतात आणि शेवाळ खरवडतात. त्यांचे रक्त थंड असल्याने गार पाण्यात अंग पटकन आखडते. म्हणून पोट भरले की बाहेर येऊन काळ्या तापलेल्या खडकावर एकमेकांच्या अंगावर पडून ऊब घ्यायची. जेवणाबरोबर पोटात गेलेले जादा मीठ नाकातून फुरफुरत बाहेर टाकायचे. ते मीठ डोक्यावर पडून वाळते आणि म्हाताऱ्याने पांढरी टोपी घातल्यासारखे दिसते.

या गरीब प्राण्याची एक गोष्ट शास्त्रज्ञांनाही थक्क करून गेली. एल निनोत शेवाळ मरते, उपासमार येते. तेव्हा इग्वाना नुसता रोडावत नाही, तो लांबीने लहान होतो. काहींची लांबी वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. अंग लहान म्हणजे खर्च कमी. दिवस पालटले की तो पुन्हा वाढतो. महागाईत संसार आवळणाऱ्या आपल्या घरांना हे सांगायला नको!

दुसरा पेंग्विन. बर्फाळ दक्षिणेचा हा पक्षी थंड प्रवाहाचा हात धरून विषुववृत्तापर्यंत आला. विषुववृत्ताच्या उत्तरेला निसर्गतः राहणारा हा एकमेव पेंग्विन. जमिनीवर दुडूदुडू चालणारे हे दीड फुटाचे पाखरू पाण्यात मात्र असे सुसाट जाते की मान वळवेपर्यंत दिसेनासे होते. तिसरा न उडणारा पाणकावळा. फर्नांदिना आणि इसाबेला एवढ्यावरच तो राहतो. जमिनीवर शत्रू नाही, अन्न पाण्यात आहे, मग उडायचे कशाला? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखडत गेले आणि पाय बळकट झाले.

समुद्रसिंह म्हणजे या वस्तीतली व्रात्य मुले. पोहणाऱ्याच्या भोवती गिरक्या घेतील, तोंडाजवळ येऊन बुडबुडे सोडतील, पायातला पंखा दाताने ओढून पाहतील. पण त्यांचा दांडगा नर आपल्या किनाऱ्याचा पहारेकरी असतो. तो भुंकत मधून फेऱ्या मारू लागला की वाटाड्या पर्यटकांना बाजूला घेतो. दुसऱ्याच्या दारात उभे असताना इतकी रीत पाळायलाच हवी.

आणि शार्क. आपल्या बाजारात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात त्याच कुळातला. चित्रपटांनी त्याला नरभक्षक करून ठेवले. प्रत्यक्षात पांढऱ्या टोकाचे शार्क दिवसा खडकांच्या कपारीत झोपा काढत पडलेले असतात आणि माणसे वरून तरंगत जातात. सान क्रिस्तोबाल बेटाजवळ किकर रॉक नावाचा, मधोमध चिरलेला एक प्रचंड सुळका समुद्रातून उभा आहे. त्या चिरेतून पोहताना खाली हातोड्याच्या आकाराच्या डोक्याचे शार्क आणि ठिपक्यांचे पाकट दिसतात. फ्लोरेआना बेटाजवळ बुडालेल्या ज्वालामुखीचे तोंड आहे, त्याला सैतानाचा मुकुट म्हणतात. एके काळी जिथे आग होती, त्या कड्यात आता रंगीत माशांचे थवे फिरतात. इसाबेलाच्या दक्षिणेला शिलारसाचे बोगदे कोसळून पाण्यावर दगडी कमानी उरल्या आहेत. तिथल्या शांत पाण्यात कासवे विसावतात आणि खारफुटीच्या मुळांना शेपटी गुंडाळून समुद्रघोडे उभे असतात.

भीती कुठून येते?

१८३५ साली चार्ल्स डार्विन हा सव्वीस वर्षांचा तरुण बीगल जहाजातून या बेटांवर आला. पाच आठवडे राहिला. त्याने एक प्रयोग लिहून ठेवला आहे. ओहोटीने मागे राहिलेल्या खोल डबक्यात त्याने एका इग्वानाला दूर फेकले. इग्वाना सरळ पोहत परत आला, जिथे डार्विन उभा होता त्याच जागी. डार्विनने पुन्हा फेकले. तो पुन्हा आला. असे अनेकदा झाले. फेकणारा माणूस समोर दिसत असूनही तो त्याच्याकडेच का येत होता? डार्विनने अंदाज केला की, या प्राण्याला जमिनीवर शत्रूच नाही. त्याचा शत्रू शार्क, तो समुद्रात. संकट आले की किनाऱ्याकडे धाव, हेच त्याला पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकवले आहे. किनाऱ्यावरचा माणूसच संकट असू शकतो, हे शिकवणारा अनुभव त्याच्या कुळाला आलेला नव्हता.

वाचकहो, हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. भीती ही जन्मजात असतेच असे नाही. ती कोणीतरी शिकवावी लागते. ती मारून शिकवली जाते, हुसकून शिकवली जाते.

आणि माणसाने ती शिकवायला कमी केले नाही. १५३५ साली पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा याचे जहाज भरकटत इथे आले, तेव्हापासून ही बेटे जगाला माहीत झाली. पुढे चाचे आले, देवमाशांची शिकार करणारे आले. जमिनीवरची महाकाय कासवे अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगतात, हे कळताच त्यांनी ती जहाजाच्या तळघरात उताणी रचून नेली. अशी एक लाखाहून अधिक कासवे नेली असावीत असा अंदाज आहे. पिंटा बेटाच्या कासवांपैकी शेवटचा उरलेला, लोनसम जॉर्ज म्हणून जगाला माहीत असलेला नर २०१२ साली मेला आणि ते कूळ संपले.

जिथे मुक्या प्राण्यांची ही गत, तिथे दुबळ्या माणसांची वेगळी कशी असेल? सुंदर चित्रांच्या पुस्तकांत हे पान सहसा नसते. १८३२ साली इक्वेडोरने बेटे ताब्यात घेतली आणि कैद्यांना तिथे पाठवायला सुरुवात केली. सान क्रिस्तोबालवर मानुएल कोबोस या मळेवाल्याने कैद्यांना आणि मजुरांना उसाच्या मळ्यात राबवले. मजुरी म्हणून तो स्वतःचेच चलन देई, आणि ते चाले त्याच्याच दुकानात. फटके तर रोजचेच. १९०४ साली मजुरांनीच त्याला ठार केले. पुढे १९४६ मध्ये इसाबेलावर कैद्यांची वसाहत झाली. कैद्यांना उन्हात दूरवरून काळे धोंडे वाहायला लावून एक भिंत बांधून घेतली गेली. सुमारे शंभर मीटर लांब, वीस-पंचवीस फूट उंच, आणि उपयोग काहीच नाही. राबवायचे म्हणून राबवले. कित्येक कैदी त्या कामात मेले. लोक तिला अश्रूंची भिंत म्हणतात. ती आजही उभी आहे. पर्यटक सकाळी समुद्रसिंहांबरोबर पोहतात आणि दुपारी ती भिंत बघायला जातात.

ही वसाहत १९५९ साली बंद झाली. त्याच वर्षी बेटांचे राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथल्या जमिनीपैकी ९७ टक्के उद्यानात आहे आणि उरलेल्या तीन टक्क्यांत तीस हजारांच्या आसपास माणसे राहतात.

कोळ्याचे पोट आणि समुद्राचे पोट

उद्यान जमिनीचे झाले, समुद्राचे काय? १९९० नंतर पूर्वेकडील देशांत समुद्रकाकडीला मोठा भाव आला. समुद्राच्या तळाशी सरपटणारा हा गुळगुळीत जीव वाळवून विकला की हातात चांगला पैसा येई. मुख्य भूमीवरूनही माणसे या धंद्यासाठी बेटांवर येऊ लागली. सरकारने बंदी घातली. मासेमार चिडले. जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राला वेढा घातला. त्यांचा सवाल होता, कासव जगावे आणि आमची पोरे उपाशी राहावीत काय?

हा सवाल उडवून लावण्याजोगा नव्हता. पोटाला भाकरी नसलेल्याला निसर्गावर व्याख्यान देणे सोपे असते. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. समुद्रकाकडी तळाची घाण खाऊन वाळू साफ ठेवते. ती संपली तर समुद्र आजारी पडतो आणि मग मासेमारालाही काही उरत नाही.

शेवटी १९९८ साली खास कायदा झाला. बेटांभोवती चाळीस सागरी मैलांपर्यंत, एक लाख तीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे राखीव क्षेत्र ठरले. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांना तिथे मासेमारी बंद. नोंदणी असलेल्या स्थानिक लहान मासेमारांनाच परवानगी, तीही नियमाने. म्हणजे कायद्याने कोळ्याला हाकलले नाही, आधी बड्या जहाजाला हाकलले. भांडणे त्यानंतरही झाली, पण पाया योग्य घातला गेला. काही कोळी पुढे पर्यटकांच्या होड्या चालवू लागले.

कायदा कागदावर होतो, समुद्र मोठा असतो. जानेवारी २००१ मध्ये सान क्रिस्तोबालजवळ जेसिका नावाचे तेलवाहू जहाज खडकावर चढले. वाऱ्याने आणि प्रवाहाने तेल दूर नेले, त्या वेळी प्राणी फारसे मेले नाहीत, म्हणून सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरचे सुमारे ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले. तेलाचा अगदी थोडा अंशही पुरला. ऑगस्ट २०१७ मध्ये राखीव क्षेत्रात एक चिनी मालवाहू जहाज पकडले गेले. त्याच्या पोटात सुमारे तीनशे टन मासळी होती आणि तीत सहा हजारांहून अधिक शार्क. कप्तानाला चार वर्षांची कैद झाली, खलाशांनाही शिक्षा झाल्या. शार्क काही चाळीस मैलांची हद्द ओळखत नाहीत. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये इक्वेडोरने आणखी साठ हजार चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला आणि कोस्टा रिकाच्या कोकोस बेटाकडे जाणारी त्यांची वाट सुरक्षित करण्याचा प्रयत्न केला.

कर्जाच्या वहीतला समुद्र

एवढ्या राखणीला पैसा कुठून आणायचा? इक्वेडोर कर्जबाजारी देश. इथे हिशेबाची एक गोष्ट घडली, ती आपण सोप्या भाषेत समजून घेऊ. समजा तुम्ही शंभर रुपयांचे रोखे काढले. तुम्ही पैसे परत कराल की नाही याची बाजाराला शंका आहे, म्हणून ते रोखे चाळीस रुपयांना विकले जात आहेत. अशा वेळी कोणाच्या हमीवर तुम्हाला कमी व्याजाने चाळीस रुपये मिळाले, तर तुम्ही स्वतःचेच शंभरचे रोखे चाळीसला विकत घेऊन फाडून टाकाल. उरलेला भार हलका झाला. मे २०२३ मध्ये इक्वेडोरने हेच केले. सुमारे १६० कोटी डॉलरचे जुने रोखे सुमारे ६५ कोटी डॉलरच्या नव्या कर्जातून फेडले. अट एकच, वाचलेल्या पैशातला ठराविक भाग, वर्षाला जवळपास १ कोटी ८० लाख डॉलर, साधारण दोन दशके गालापागोसच्या समुद्राच्या रक्षणासाठी खर्च करायचा.

सावकाराने समुद्रावर अट घालावी का, देशाच्या कारभारात बाहेरच्यांचा हात किती असावा, असे प्रश्न यातून निघतात आणि ते विचारलेच पाहिजेत. पण कर्जाच्या वहीत शार्क आणि कासव यांच्या नावाने खाते उघडले गेले, हेही खरे.

दुसरा पैसा पर्यटकांचा. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला बेटांच्या प्रवेशासाठी दोनशे डॉलर द्यावे लागतात. विमानभाडे आणि होडीचा खर्च निराळाच. म्हणजे आपल्यासारख्यांनी तिकडे जाण्याचा बेत आखण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

दोन मीटरांचे अंतर

मग हे सारे आपल्याला कशासाठी? सांगतो.

गालापागोसला पोहोचलेल्या कोणालाही काही नियम पाळावे लागतात, मग तो कितीही पैसेवाला असो. उद्यानाने मान्य केलेल्या वाटाड्याशिवाय राखीव भागात फिरायचे नाही. प्राण्यापासून दोन मीटर दूर राहायचे. तो जवळ आला तर येऊ द्यायचे, आपण हात लावायचा नाही. खायला घालायचे नाही. दगड, शंख, वाळू, काहीही उचलायचे नाही. नियम साधे आहेत, पण त्यांचा अर्थ मोठा आहे. दुबळ्याने सबळाला भिऊन अंतर राखावे, ही जगाची जुनी रीत. इथे सबळाने दुबळ्यासाठी अंतर राखायचे आहे. तेवढे राखले की दुबळा निर्भय होतो आणि आपल्या पायांनी जवळ येतो.

आपल्या मालवणलाही समुद्री अभयारण्य आहे. १९८७ साली ते जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्थानिक मंडळी पर्यटकांना काच आणि नळी लावून पाण्याखालची प्रवाळे आणि मासे दाखवतात. शाळेची किंवा मंडळाची सहल त्या बाजूला गेली आणि सुरक्षेची सोय नीट असेल, जाकीट असेल, जाणता माणूस बरोबर असेल, तर मुलांना आणि विशेष करून मुलींना एकदा तरी पाण्यात तोंड घालून बघू द्या. त्याआधी पोहायला शिकवता आले तर फारच उत्तम. पालिकेच्या तलावात ते स्वस्तात शिकता येते. मात्र उतरण्यापूर्वी मुलांना बजावून सांगा, प्रवाळावर पाय द्यायचा नाही, कारण तो दगड नाही, जिवंत जीव आहे. माशांना पाव टाकायचा नाही. आठवण म्हणून काही उचलून आणायचे नाही. प्लास्टिकची पिशवी समुद्रात सोडायची नाही, कारण कासव तिला खाद्य समजून गिळते.

आणि घरी परतल्यावर त्यांना डार्विनच्या इग्वानाची गोष्ट सांगा. ज्याने आपल्याला फेकले, त्याच्याच पायाशी तो पुन्हा पुन्हा परत आला. त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण किनारा सुरक्षित आहे हा त्याचा विश्वास होता, आणि तो खरा ठरवणे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होते.

ज्याच्या दारात उभे राहिल्यावर मुका प्राणीसुद्धा घाबरत नाही, असा माणूस होणे, यासाठी दोनशे डॉलर लागत नाहीत.